पदवी आणि रियाज
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात अकोला येथे केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द सांगावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी मॅट्रिकपुढे शिकलेला नाही. उभा जन्म शाळेत पाढे आणि कविता शिकविण्यात गेला. अशा मनुष्याने महाविद्यालयीन शिक्षणाविषयी बोलावे हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु ज्या मुलांचे बोट धरून आम्ही शाळामास्तर त्यांना अक्षरओळख करून देतो, त्यांचे पुढे काय होते याची विचारपूस करण्याचा अधिकार आम्हांस आहे असे मी समजतो. म्हणून आज मी महाविद्यालयातील संगीतशिक्षण हा विषय घेतला आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. अलीकडे आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. मुलगी बारावी झाली, गळा चांगला आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन-चार परीक्षाही झाल्या आहेत आणि आता ती म्हणते, “मी बी. ए. ला संगीत घेते.” यावर आईबापांनी काय म्हणावे? दुसरीकडे मंडळाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पाहावा, तर त्यात वैद्यक, अभियांत्रिकी, विज्ञान आणि वाणिज्य एवढेच रकाने आहेत. संगीत शिकणारे मूल आपल्या मंडळाच्या लेखी शिकतच नाही!

या बाबतीत आपल्या वागण्यात मोठी विसंगती आहे. मुलीचे स्थळ पाहावयाचे झाले की परिचयपत्रिकेत “गायनाची आवड” हे शब्द आपण न विसरता लिहितो. पाहुण्यांसमोर तिला अभंग म्हणावयास सांगतो. परंतु तीच मुलगी गायनाचा अभ्यास चार-पाच वर्षे नेटाने करीन म्हणाली, तर आपल्या कपाळाला आठ्या पडतात. मुलगा तबला वाजवितो हे गणपती उत्सवापुरते भूषण; एरवी तो “टाळकुटेपणा”! आवड चालते, अभ्यास चालत नाही, ही आपली वृत्ती. आज या वृत्तीचा थोडा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

प्रथम महाविद्यालयात संगीत शिकविण्याची कल्पना आली कोठून ते पाहू. युरोपात संगीताच्या विद्यालयास ‘कॉन्झर्व्हेटरी’ असे म्हणतात. हा शब्द मूळचा इटलीतील. नेपल्स शहरात सोळाव्या शतकापासून अनाथ मुलांचा सांभाळ करणारी आश्रयस्थाने होती. सांभाळ करणारे ते ‘कॉन्झर्वेटोरिओ’. पोरक्या मुलांना पोट भरण्याची विद्या हवी म्हणून तेथे त्यांना गाणे-वाजविणे शिकवू लागले, आणि पाहता पाहता ही अनाथालये संगीताची नामांकित विद्यापीठे बनली. तेव्हा ज्या विद्येला आपण रिकामटेकड्यांचा छंद म्हणतो, तिच्या विद्यालयांचा जन्म निराधारांच्या अन्नवस्त्राच्या चिंतेतून झाला आहे, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

पुढे अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. ओहायो प्रांतातील ओबर्लिन येथे १८३३ साली एक महाविद्यालय निघाले आणि १८६५ साली तेथे संगीताची कॉन्झर्व्हेटरी सुरू झाली. ती लवकरच त्या महाविद्यालयाचे अंग बनली आणि आजतागायत तेथेच नांदत आहे. तेथे एकाच आवारात एक विद्यार्थी पियानोचा कठोर अभ्यास करतो आणि दुसरा इतिहास वा रसायनशास्त्र शिकतो. ज्याची तयारी असेल तो पाच वर्षांत संगीताची आणि अन्य विषयाची अशा दोन्ही पदव्या मिळवू शकतो. यामागील विचार असा की, वादकाला बोटांबरोबर बुद्धीही हवी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या कानालाही संस्कार हवा. मात्र एक गोष्ट तेथे पक्की आहे. वर्गातील शिक्षणाखेरीज प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गुरूजवळ एकट्याने बसून शिकावयाचे असते आणि सरावासाठी स्वतंत्र खोल्या असतात. या सरावाच्या खोलीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे ही विद्या राजाश्रयाने, देवळात आणि घराण्यांत वाढली. शिष्याने गुरुगृही राहावे, पाणी भरावे आणि गुरूची कृपा होईल तेव्हा दोन स्वर पदरात घ्यावे, अशी रीत होती. ज्याला गुरू लाभला तो तरला, ज्याला लाभला नाही तो बाहेर राहिला. हे दार सर्वसामान्यांसाठी उघडावे म्हणून बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा काढली. तीच संस्था आज बडोद्याच्या विद्यापीठाची एक विद्याशाखा आहे.

त्यानंतर दोन विष्णूंनी हे कार्य हाती घेतले आणि ते दोघेही मराठी, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळेचे शिक्षण अडले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही संस्था कोण्या संस्थानिकाच्या दानावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि बुवांच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालली. पोटी ठेवून घेतलेल्या गरीब मुलांचा एक वर्ग त्यांनी चालविला. कित्येक वर्षे तेथे राहून शिकावयाचे आणि मग गावोगाव जाऊन शिकवावयाचे. १९०८ साली विद्यालय मुंबईस आले. पुढे कर्जापायी तेथील इमारत गेली, परंतु शिष्य गेले नाहीत. १९३१ साली बुवा निवर्तल्यावर त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या ज्या परीक्षा आज आपल्या अमरावती-अकोल्याच्या गल्लीबोळांतील मुले देतात, त्या याच मंडळाच्या.

दुसरे पं. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, मुंबईचे. हे व्यवसायाने वकील. वकिली सोडून त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला, घराण्यांच्या बुवा-खाँसाहेबांकडून शेकडो बंदिशी उतरवून घेतल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत मराठी अर्थविवरणासह लोकांच्या हाती दिल्या. दहा थाटांची व्यवस्था लावली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. १९१८ साली ग्वाल्हेरीस आणि १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालये उभी राहिली ती त्यांच्याच प्रेरणेने. लखनौचे ते महाविद्यालय आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे.

एकाने विद्येचे घर बांधले, दुसऱ्याने तिची पोथी लिहिली. विद्यापीठांची दारे उघडण्यास ही दोन्ही कामे आवश्यक होती. १९५० साली काशी हिंदू विद्यापीठात संगीताचे महाविद्यालय निघाले तेव्हा त्याचे प्रमुखपद पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे आले. हे पलुस्करबुवांचेच शिष्य. म्हणजे लाहोरच्या लोकवर्गणीच्या विद्यालयातून निघालेली वाट अर्ध्या शतकात विद्यापीठाच्या प्रांगणात पोहोचली. १९८७ साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र निघाले. तेथे तर पदवीच्या अभ्यासक्रमात गुरुकुल पद्धतीची योजना केली आहे. विद्यार्थी विद्यापीठाचा आणि त्याचा गुरूही ठरलेला, अशी ती सांगड आहे.

आपल्या वऱ्हाडाच्या दृष्टीने खैरागढचे नाव विशेष घ्यावयास हवे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथील राजघराण्याने आपला राजवाडा देऊन कन्येच्या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले. त्या दिवशी आपला वऱ्हाड आणि खैरागढ एकाच मध्यप्रदेश राज्यात होते! पुढे अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे विद्यापीठ आपल्यापुरते परराज्यात राहिले. आज ते छत्तीसगढात आहे. तथापि नागपूरहून पूर्वेस जाणाऱ्या लोहमार्गाने तेथे पोहोचणे काही अवघड नाही, हे मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

आता घरच्या अंगणात येऊ. आपले विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्थापन झाले. त्यापूर्वी आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये अमरावतीच्या विद्यापीठाखाली येतात, आणि त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचे. हातात खराटा आणि गाडगे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या, कीर्तनातून लोकांना जागे करणाऱ्या एका निरक्षर संताच्या नावाचे हे विद्यापीठ! त्याच अमरावती जिल्ह्यातील यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत आणि हजारोंचा जनसमुदाय स्तब्ध होऊन ऐके. तेव्हा “आपण शेतकरी माणसे, आपल्याला गाण्याचे काय?” असे म्हणणाऱ्याने वऱ्हाडचा इतिहास पाहिलेलाच नाही, असे म्हणावे लागेल. आपल्या खेड्यांत एखादे गाव बिनशाळेचे सापडेल, बिनभजनाचे सापडणार नाही.

या विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेसाठी संगीत हा विषय घेता येतो. अमरावतीत आणि अकोल्यात काही कला आणि महिला महाविद्यालयांतून तो शिकविला जातो. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, गृहअर्थशास्त्र यांच्या पंगतीला संगीत बसले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे आता मुख्य विषय, दुय्यम विषय आणि अन्य शाखेतील ऐच्छिक विषय अशी रचना आली आहे. विज्ञान वा वाणिज्य शिकणाऱ्यासही जेथे सोय असेल तेथे संगीताचे थोडे शिक्षण घेता येईल असा त्याचा रोख आहे. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु तिची मर्यादा किती, हे आईबापांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. मी जन्मभर गणित शिकविले, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे तात्त्विक अध्यापनाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. समजा, एका सत्रात संगीताच्या प्रात्यक्षिकास दोन श्रेयांक आहेत. म्हणजे ६० तास झाले. वर्गात २० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने एकट्याने गाऊन दाखवावे आणि गुरुजींनी त्याची चूक सुधारावी म्हटले, तर एकेकाच्या वाट्यास ३ तास येतात. सहा सत्रांत, म्हणजे तीन वर्षांत, १८ तास. आता दुसरी बाजू पाहा. घरी रोज दोन तास रियाज केला आणि वर्षातील ३०० दिवस धरले, तर वर्षाचे ६०० तास, तीन वर्षांचे १८०० तास. अठरा आणि अठराशे! महाविद्यालय देईल त्याच्या शंभरपट विद्यार्थ्याने स्वतः मिळवावयाचे आहे. मुख्य विषय म्हणून संगीत घेतले तर महाविद्यालयाचे तास वाढतील, दुपटीने वा तिपटीने वाढतील. इतरांचे ऐकूनही मूल पुष्कळ शिकते, हेही खरे. तथापि त्यामुळे या हिशेबाचा अर्थ पालटत नाही. तास भरला म्हणून स्वर भरत नाही. पी हळद आणि हो गोरी, असा हा विषय नव्हे.

म्हणून सोपा विषय म्हणून कोणी संगीत घेऊ नये, हे मी प्रथम मुलांना सांगतो. अर्थशास्त्र जड जाते, इंग्रजीची धास्ती वाटते, मग संगीत घ्या, प्रात्यक्षिकाचे गुण बरे मिळतात, असा विचार करून जो हा विषय घेतो त्याच्या हाती तीन वर्षांनी पदवी येते, विद्या येत नाही. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून गायनाच्या वर्गांची गर्दी वाढली. गर्दी वाढली याचा आनंदच आहे. परंतु दहावीचा निकाल लागला की तंबोऱ्यावर खोळ चढते ती कायमची, हे पाहून दुःख होते.

मग महाविद्यालयात जाण्याचा उपयोग काय, गुरूकडेच का जाऊ नये, असे कोणी विचारील. उपयोग आहे आणि तो मोठा आहे. गुरू बंदिश देतो. ती बंदिश कोठून आली, तिची भाषा कोणती, राग कसा बदलत आला, हे महाविद्यालय सांगते. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला तो आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून, हे कितीशा गायकांना ठाऊक असते? जी मुलगी मराठी वाङ्मय आणि संगीत असे दोन्ही विषय शिकते, तिला तुकोबांचा अभंग गाताना शब्द कोठे तोडावा आणि कोठे तोडू नये याचे भान येते. इतिहास शिकलेल्याला कळते की घराणे म्हणजे केवळ गाण्याची ढब नसून, त्यामागे एक काळ, एक दरबार आणि एक समाज असतो. शिवाय महाविद्यालयात चार दिशांची मुले भेटतात, टीका ऐकावी लागते, चारचौघांत गाण्याची भीड मोडते. एकलव्याला हे लाभले नाही.

तेव्हा महाविद्यालय समज देते आणि गुरू गळा घडवितो; दोहोंपैकी एकाने भागत नाही.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून या व्यासपीठावर बोलणे हे शहाणपणाचे होणार नाही, कारण आपल्या ज्ञातीत कोरडवाहू शेती आणि लहान नोकरी यांवर घरे चालतात. संगीताच्या पदवीधरास नोकऱ्या थोड्या आहेत. महाविद्यालयात अध्यापक व्हावयाचे तर एम. ए. नंतर नेट किंवा सेट परीक्षा वा पीएच. डी. लागते, आणि तेवढे करूनही कित्येकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबावे लागते. आपल्या खासगी शाळांतून संगीत शिक्षकाची स्वतंत्र जागा क्वचितच दिसते. परंतु केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांसाठी संगीत शिक्षक नेमतात आणि त्यासाठी बारावीनंतर संगीताची पदवी मागतात. नवोदय विद्यालयांतही संगीत शिक्षक असतो. आकाशवाणीची ध्वनिचाचणी देऊन श्रेणी मिळविता येते. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वर्षे वयाच्या होतकरू कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दरमहा ५००० रुपयांप्रमाणे दोन वर्षे साहाय्य देण्याची योजना आहे. त्याहून लहान, १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. आपल्यापैकी किती घरांनी यांचे अर्ज मागविले? माहितीच नाही, तर अर्ज कोठून येणार!

आणि दुसरेही एक सांगतो. विद्या आणि भाकरी या दोहोंचा उगम एकच असला पाहिजे असे नाही. आपल्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९२० साली जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे निरनिराळ्या गुरूंकडून जे मिळेल ते त्यांनी घेतले. आणि पोटासाठी काय केले? लष्कराच्या हिशेब खात्यात कित्येक वर्षे नोकरी केली. दिवसा आकडे आणि रात्री आलाप! १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यातील खाँसाहेबांच्या भूमिकेने उभा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. मूर्तिजापूरच्या स्टेशनावरून आपण नित्य जातो-येतो. मुलांना हे सांगतो का?

दुसरे उदाहरण डॉ. प्रभा अत्रे यांचे. त्या १९३२ साली पुण्यात जन्मल्या. विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची पदवी घेतली आणि त्याच काळात सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीमही घेतली. पुढे संगीतात डॉक्टरेट मिळविली, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या, ग्रंथ लिहिले, आणि २०२४ साली निवर्तल्या तोवर गात होत्या. शाळा-महाविद्यालयाच्या अभ्यासाने गाणे बिघडते, असे म्हणणाऱ्यास हे पुरेसे उत्तर आहे.

येथे मला एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपण ज्ञातीच्या मंडळात बसलो आहोत. परंतु ही विद्या आपल्याकडे आली ती सर्व ज्ञातींच्या आणि धर्मांच्या खांद्यांवरून आली आहे. सनई आणि संबळ ज्यांनी सांभाळले त्यांना आपण पंगतीबाहेर बसविले. ज्या खाँसाहेबांनी ख्याल जतन केला, त्यांच्यापुढे भातखंडे वही घेऊन बसले. अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले आणि त्यांनी जात न पाहता शिकविले. हिराबाईंसारख्या स्त्रियांनी बैठकीतील गाणे तिकीट लावून नाट्यगृहात आणले आणि सभ्य म्हणविणाऱ्या घरांतील मुलींसाठी वाट मोकळी केली. त्या वाटेवरून आज आपल्या लेकी चालू पाहतात. तेव्हा आपल्या मुलांसाठी गुरू शोधताना, तो कोणाचा कोण, हे पाहू नये. स्वर चांगला आहे की नाही एवढेच पाहावे. ज्ञातीच्या मंडळाने असे म्हणणे काहींना विपरीत वाटेल. मला तर ज्ञातीच्या मंडळानेच हे म्हणावे असे वाटते.

आता मंडळाने काय करावे, या मुद्द्यावर येतो. महाविद्यालय समज देईल, गुरू गळा देईल. परंतु त्या अठराशे तासांसाठी जागा आणि निश्चिंती हवी, ती घराने आणि समाजाने द्यावयाची आहे. खेड्यातील मूल अमरावतीस शिकावयास येते आणि खोलीत तिघे-चौघे राहतात. पहाटे खर्ज लावावा तर सोबती पांघरूण डोक्यावर घेऊन ओरडतो. सायंकाळी तबला घ्यावा तर घरमालक दार ठोठावतो. भ्रमणध्वनीवर तंबोरा वाजतो हे खरे, परंतु त्या तंबोऱ्याबरोबर मोकळ्या गळ्याने गावयाचे कोठे? मुलींची अडचण त्याहून मोठी. गुरूंकडील तास संध्याकाळचा, वसतिगृहाची वेळ ठरलेली आणि गावाकडे आईबापांचा जीव टांगणीला. प्रयोगशाळेवाचून रसायनशास्त्र शिकवू नये हे आपणांस पटते, मग रियाजाच्या खोलीवाचून संगीत कसे शिकावे? ओबर्लिनची ती सरावाची खोली मी मघाशी सांगितली ती याचसाठी.

माझ्या सूचना चार आहेत. पहिली, मंडळाच्या शिष्यवृत्ती-नियमांत संगीत आणि अन्य ललित कलांच्या पदवी-विद्यार्थ्यांचा समावेश करावा. मात्र केवळ गुणांच्या टक्केवारीवर ती देऊ नये. गुरूंचे वर्षअखेरीचे पत्र आणि स्नेहसंमेलनातील पंधरा मिनिटांचे गायन वा वादन, ही तिची अट असावी. दुसरी, आपल्या अमरावतीच्या वसतिगृहातील मागील बाजूची कोठारासारखी पडून असलेली खोली साफ करून तेथे एक तंबोरा, एक पेटी आणि तबल्याची एक जोडी ठेवावी. पहाटे पाच ते आठ आणि सायंकाळी दोन तास ती रियाजासाठी मोकळी असावी. शहरातील इतर समाजांच्या मुलांनाही ती नाकारू नये. तिसरी, आठवड्यातून एकदा एखाद्या जाणकार गुरूंना मानधन देऊन तेथे बोलवावे आणि मुलींना त्यासाठी बाहेर जाण्याचे कारण ठेवू नये. चौथी, आपल्या संमेलनांत आणि मंगलकार्यांत गोंगाटावर जो पैसा जातो त्यातील थोडा या मुलांच्या मैफलीकडे वळवावा. वरातीच्या डी. जे. ने कानाचे पडदे हादरतात, मनाचा एक कोपराही हालत नाही.

यावर आक्षेप येईल की, ज्या निधीतून गरीब मुलास डॉक्टर करावयाचे तो पैसा गाण्यावर का घालवावा? आक्षेप रास्त आहे, म्हणून माझे उत्तरही बेताचे आहे. वैद्यक-अभियांत्रिकीचा एक पैसाही कमी करू नये. दरवर्षी एक शिष्यवृत्ती आणि एक खोली एवढेच मी मागतो. आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाने संगीताबरोबर असा एखादा विषय जरूर घ्यावा की, ज्याच्या आधाराने तो उद्या बी. एड. करू शकेल वा स्पर्धापरीक्षेस बसू शकेल. आपल्या काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींत तुरीचे तास घालतात. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते आणि जमिनीचा कसही टिकतो. शिक्षणातही हा शहाणपणा वापरावा. मात्र तूर आहे म्हणून कपाशीची निंदणी कोणी सोडीत नाही, हेही विसरू नये.

पालकांना शेवटचे एकच सांगतो. मुलगा वा मुलगी संगीत घेऊ म्हणाली तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाही म्हणू नका. सहा महिने पहाटे उठून रियाज करते का, एवढे पाहा. ज्याला पहाट सोसते त्याला ही विद्या सोसते. सोसली, तर मग लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. त्या लोकांत आपण स्वतःच आहोत, आणि आपण आजपासून निराळे म्हणू लागलो की झाले.

या सूचनांचा लेखी मसुदा मी चिटणीसांकडे देऊन ठेवला आहे. येत्या वार्षिक सभेत त्यावर चर्चा व्हावी, मतभेद असतील ते मोकळेपणी मांडले जावे आणि योग्य तो ठराव व्हावा, अशी अध्यक्षांना नम्र विनंती आहे. आज ज्या विद्यार्थ्यांचा गौरव झाला त्या सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो.